आयसीयूतली नर्स, मग अ‍ॅक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर, मग शिक्षिका: अमेरिकेतली ही वाट नेमकी कशी आहे

विचारलेला प्रश्न असा: अमेरिकेत आयसीयूत नर्स म्हणून दोन वर्षं झाली आहेत, पुढे अ‍ॅक्यूट केअर नर्स प्रॅक्टिशनर (गंभीर पेशंट तपासून निदान करणारी आणि औषधं लिहिणारी नर्स) व्हायचं आहे आणि त्यानंतर नर्सिंग कॉलेजात शिकवायचं आहे. कोणती पदवी घ्यावी, किती वेळ लागतो, कुठे माणसं अडकतात आणि पेशंट व विद्यार्थी ही दोन्ही कामं एकत्र जमतात का?

जमतात. क्रम मात्र चुकवू नका. या दोन्ही कामांचा गाभा एकच आहे: आपण जो निर्णय घेतला तो का घेतला, हे समोरच्याला टप्प्याटप्प्याने सांगता येणं. आयसीयूतला राउंड असो की वर्ग, कस तिथेच लागतो. म्हणून पदवी, परवाना, नोकरी या प्रत्येक पायरीवर एकच प्रश्न विचारत चला: इथे माझा विचार कोणी तपासणार आहे का? जिथे कोणी तपासत नाही ती जागा सोयीची वाटते, पण पुढे महागात पडते.

सगळ्यात महाग चूक अगदी सुरुवातीला होते, ती म्हणजे चुकीची शाखा निवडणं. नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका १९६५ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी सुरू केली, ती मुलांच्या प्राथमिक आरोग्यसेवेसाठी. अ‍ॅक्यूट केअरची स्वतंत्र प्रमाणपत्र परीक्षा आली १९९५ मध्ये. २००८ च्या कन्सेन्सस मॉडेलने (प्रगत नर्सिंगच्या भूमिका ठरवणाऱ्या राष्ट्रीय आराखड्याने) प्राथमिक सेवा आणि अ‍ॅक्यूट केअर या शाखा स्पष्टपणे वेगळ्या केल्या आणि एक तत्त्व घालून दिलं: तुमचं कार्यक्षेत्र पेशंटच्या गरजेवर ठरतं, तुम्ही कोणत्या इमारतीत उभे आहात यावर नाही. व्हेंटिलेटरवरचा, प्रेसर (रक्तदाब टिकवणारं औषध) चालू असलेला, तासातासाला बदलणारा पेशंट हा अ‍ॅक्यूट केअरचा पेशंट.

तरीही आयसीयूतल्या कितीतरी नर्सेस फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरचा (सगळ्या वयांच्या पेशंटच्या प्राथमिक सेवेचा) कोर्स करतात, कारण तो घरबसल्या होतो, जागा भरपूर असतात आणि ‘सगळीकडे चालतो’ असं कोणीतरी सांगितलेलं असतं. आयसीयूत तो चालत नाही. काही रुग्णालयं जुन्या सवयीने घेतात, पण क्रेडेन्शियलिंग समिती (पात्रता तपासणारी समिती) बदलली, वकिलाची नोटीस आली किंवा दुसऱ्या राज्यात अर्ज केला की प्रश्न उभा राहतो: सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी) टाकण्याचं, व्हेंटिलेटर सांभाळण्याचं औपचारिक शिक्षण कुठे आहे? मग पदवीनंतरचं अ‍ॅक्यूट केअरचं प्रमाणपत्र करावं लागतं, म्हणजे क्लिनिकल तास, प्रिसेप्टर (प्रत्यक्ष कामात शिकवणारा अनुभवी मार्गदर्शक) आणि फी सगळं पुन्हा. उलट बाजूही लक्षात ठेवा. अ‍ॅडल्ट-जेरॉन्टॉलॉजी अ‍ॅक्यूट केअर हे प्रमाणपत्र किशोरवयापासून वृद्धांपर्यंतच्या पेशंटसाठी आहे, त्यावर लहान मुलं पाहता येत नाहीत. सगळ्या वयाचे पेशंट येणाऱ्या इमर्जन्सी विभागात नोकरी हवी असेल तर आधी तिथली नियमावली वाचा. मुलांच्या आयसीयूसाठी पेडियाट्रिक अ‍ॅक्यूट केअर ही पूर्ण वेगळी वाट आहे.

शिक्षण भारतात झालं असेल तर एक गोष्ट आधी निस्तरून घ्या. चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग असेल तर ट्रान्सक्रिप्टचं मूल्यमापन करून थेट पदव्युत्तर प्रवेशासाठी अर्ज करता येतो. जीएनएम (नर्सिंगची पदविका) असेल तर ते सहसा पदवी धरलं जात नाही, आधी आरएन-टू-बीएसएन (पदविकेवरून नर्सिंगच्या पदवीकडे नेणारा कोर्स) करावं लागतं. जुन्या कॉलेजातून ट्रान्सक्रिप्ट थेट मूल्यमापन संस्थेकडे जावं लागतं आणि त्यात महिने जातात. अर्जाची मुदत जवळ आल्यावर हे काम काढू नका.

पदवीचं गणित

मास्टर्सला पूर्णवेळ सुमारे दोन ते अडीच वर्षं लागतात. बीएसएन या पदवीवरून थेट डीएनपी (नर्सिंगच्या प्रत्यक्ष कामाची डॉक्टरेट) केली तर तीन ते चार. पाया तीन स्वतंत्र विषयांचा असतो, त्यांना सगळे ‘थ्री पी’ म्हणतात: प्रगत पॅथोफिजिऑलॉजी, प्रगत शारीरिक तपासणी आणि प्रगत फार्माकॉलॉजी. हे एकत्र कोंबलेले किंवा दुसऱ्या विषयात मिसळलेले असतील तर तो कोर्स सोडा, परवान्याच्या वेळी त्रास होतो.

क्लिनिकल तासांचं राष्ट्रीय किमान प्रमाण पूर्वी ५०० होतं. २०२२ च्या मानकांनी ते ७५० प्रत्यक्ष पेशंट-सेवेच्या तासांवर नेलं आणि सिम्युलेशनचे (बनावट पेशंटवरच्या सरावाचे) तास त्यात धरता येत नाहीत. आता हिशेब मांडा. १२ तासांच्या शिफ्टने ७५० तास म्हणजे ६३ शिफ्ट. पंधरा-पंधरा आठवड्यांच्या तीन सेमिस्टरमध्ये ते बसवले तर आठवड्याला साधारण १७ तास. वर ३६ तासांची नोकरी. झाले ५३, आणि अभ्यास अजून सुरूच झालेला नाही. शेवटच्या वर्षात पूर्णवेळ नाइट करून क्लिनिकल रोटेशन करणारे तास भरतात, शिकत मात्र नाहीत. प्रिसेप्टरने विचारलेला प्रश्न त्यांच्या डोक्यात शिरतच नाही. त्या वर्षासाठी नोकरी अर्धवेळ किंवा पर-डीम (लागेल तेवढ्याच दिवसांची) करता येईल एवढे पैसे आधी बाजूला काढा. कोर्सची फी मोजताना हा बुडालेला पगारही खर्चात धरा.

कॉलेज निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांची मान्यता आहे का हे बघाच, पण तेवढ्यावर थांबू नका. प्रवेश अधिकाऱ्याला थेट विचारा: प्रिसेप्टर कॉलेज शोधून देतं की विद्यार्थ्याने शोधायचा? ‘आम्ही मदत करतो’ या उत्तराचा अर्थ बहुतेकदा ‘तुम्हीच शोधा’ असा असतो. मग सेमिस्टर सुरू झालं तरी विद्यार्थी फोन लावत बसलेला असतो आणि शेवटी मिळेल त्याच्याकडे तास भरतो. चांगल्या कोर्समध्ये हे तास मेडिकल आयसीयू, सर्जिकल आयसीयू, हॉस्पिटलिस्ट (वॉर्डातल्या पेशंटची सेवा) आणि एखाद्या तज्ज्ञ सेवेत वाटलेले असतात आणि कॉलेजचा शिक्षक प्रत्यक्ष किंवा व्हिडिओवरून तुमचं काम पाहायला येतो. तुमच्या राज्यात क्लिनिकल रोटेशन घ्यायची त्या कॉलेजला परवानगी आहे का, तेही लेखी घ्या. पहिल्याच प्रयत्नात प्रमाणपत्र परीक्षा पास होणाऱ्यांचं प्रमाण विचारा. जो सांगायला कचरतो त्याच्याकडे जाऊ नका.

मास्टर्स की डीएनपी? पेशंट पाहण्यासाठी दोन्ही चालतात, पगारातला फरकही बहुतेक ठिकाणी किरकोळ असतो. शिकवायचं नक्की असेल तर आज ना उद्या डॉक्टरेट लागतेच. डीएनपी ही प्रत्यक्ष कामाशी जोडलेली पदवी आहे, तिच्यात संशोधनापेक्षा व्यवस्थेत सुधारणा करणारा प्रकल्प असतो. पीएचडी संशोधनाची. संशोधन करणाऱ्या मोठ्या विद्यापीठांत टेन्युअरची (कायमची) जागा हवी असेल तर पीएचडी. क्लिनिकल ट्रॅकवर शिकवायचं आणि आयसीयूही चालू ठेवायचं असेल तर डीएनपी पुरते. माझं मत विचाराल तर आधी मास्टर्स, मग दोन-तीन वर्षं प्रॅक्टिशनर म्हणून काम, आणि मग डीएनपी. डीएनपीच्या प्रकल्पाला जो खरा प्रश्न लागतो तो कामातूनच सुचतो. विद्यार्थिदशेतच केलेले प्रकल्प पुष्कळदा पोस्टर लावून संपतात.

परीक्षा, परवाना आणि मधले रिकामे महिने

प्रमाणपत्र दोन संस्था देतात, एएनसीसी आणि एएसीएन सर्टिफिकेशन कॉर्पोरेशन. कोणतंही एक पुरतं. एएसीएनच्या परीक्षेत १७५ प्रश्न, त्यातले १५० गुणांसाठी, वेळ साडेतीन तास. प्रमाणपत्र दोन्हीकडे पाच वर्षांचं. परीक्षा कोर्स संपल्यावर लांबवू नका. चार महिने गेले की थ्री पी विरायला लागतात.

त्यानंतरची साखळी अशी आहे: राज्याचा एपीआरएन (प्रगत नर्सचा) परवाना, एनपीआय (राष्ट्रीय ओळख) क्रमांक, डीईए नोंदणी (नियंत्रित औषधं लिहिण्यासाठी), मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकांच्या दाव्यांसाठी) आणि रुग्णालयाकडून प्रिव्हिलेजेस (तिथे कोणती कामं करता येतील याची परवानगी). डीईए नोंदणी तीन वर्षांची असते. २०२३ पासून तिच्यासाठी व्यसनाधीनतेच्या उपचारांविषयीचं आठ तासांचं प्रशिक्षण एकदा पूर्ण केलेलं असावं लागतं. बहुतेक कोर्समध्ये ते होतं, त्याचं प्रमाणपत्र जपून ठेवा. नर्सचा मल्टिस्टेट परवाना असला तरी तो एपीआरएनला लागू होत नाही, प्रत्येक राज्याचा वेगळा घ्यावा लागतो. रुग्णालयाच्या क्रेडेन्शियलिंगला तीन-चार महिने सहज लागतात. तोवर काम नाही, पगार नाही. म्हणून जुनी नर्सची नोकरी प्रिव्हिलेजेसचं पत्र हातात पडेपर्यंत सोडू नका.

विमा रुग्णालय देत असलं तरी तो ‘ऑकरन्स’ (घटना विम्याच्या काळातली असली की पुरे) आहे की ‘क्लेम्स-मेड’ (दावाही विमा चालू असतानाच यावा लागतो) हे करारात वाचा. क्लेम्स-मेड असेल तर नोकरी सोडल्यावर लागणारं ‘टेल’ संरक्षण कोण भरणार, हे सही करण्याआधी लिहून घ्या. नंतर कोणी देत नाही.

राज्यांचे कायदे वेगवेगळे आहेत. अर्ध्याहून अधिक राज्यांत नर्स प्रॅक्टिशनरला पूर्ण स्वायत्तता आहे. टेक्सासमध्ये औषधं लिहिण्याचे अधिकार डॉक्टरबरोबरच्या लेखी करारातून मिळतात. कॅलिफोर्नियाने २०२० च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने स्वायत्ततेची वाट उघडली. पण आयसीयूत राज्याच्या कायद्यापेक्षा रुग्णालयाचे बायलॉज (अंतर्गत नियम) जास्त बोलतात. राज्य मोकळं असलं तरी रुग्णालय इंट्युबेशनची (श्वासनलिकेत नळी घालण्याची) परवानगी देत नसेल तर ती नाही. कोणती प्रोसिजर, किती वेळा देखरेखीखाली, आणि नंतर स्वतंत्रपणे, हे सगळं प्रिव्हिलेजेसच्या यादीत असतं. ती यादी मुलाखतीतच मागा.

नर्सचा विचार आणि प्रॅक्टिशनरचा विचार

आयसीयूतली अनुभवी नर्स ‘काहीतरी बिघडतंय’ हे इतर कोणाहीपेक्षा आधी ओळखते. ती शिदोरी मोठी आहे. नवीन भाग असा की आता बिघाडाला नाव द्यायचं, पर्याय क्रमाने लावायचे, एक निवडायचा आणि तो चुकला तर कशावरून कळेल हेही आधीच ठरवायचं.

हा फरक दाखवायला कमी सोडियमचा पेशंट उत्तम. उलट्या झालेल्या, लघवी वाढवणाऱ्या गोळीवर असलेल्या बाईंचं सोडियम ११२. सलाइन सुरू केलं. चार तासांनी लघवी ताशी ३०० मिली व्हायला लागली. नर्स म्हणून मन म्हणतं, छान, किडनी चालू झाली. प्रॅक्टिशनर म्हणून हीच धोक्याची खूण आहे. शरीरातलं पाणी भरून निघालं, एडीएच (शरीरात पाणी धरून ठेवणारं संप्रेरक) बंद झालं, किडनी आता निव्वळ पाणी बाहेर टाकते आहे आणि सोडियम भराभर वर जाणार. २४ तासांत ८ पेक्षा जास्त वाढ झाली तर मेंदूच्या पॉन्स या भागातलं मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) कायमचं खराब होऊ शकतं, विशेषतः कुपोषण, दारूचं व्यसन किंवा कमी पोटॅशियम असलेल्या पेशंटमध्ये. म्हणून सोडियम दर दोन ते चार तासांनी, लघवी तासातासाला, आणि लघवी अचानक वाढली तर कोणाला केव्हा फोन करायचा हे ऑर्डरमध्येच लिहायचं. मर्यादा ओलांडायला लागली तर डेक्स्ट्रोजचं पाणी आणि २ मायक्रोग्रॅम डेस्मोप्रेसिन (एडीएचसारखं काम करणारं औषध). शिवाय पोटॅशियम दिलं की सोडियमही चढतं, हे नवख्यांच्या हमखास निसटतं. ‘सोडियम फक्त सलाइननेच वाढतं’ असं धरून ते एकीकडे सलाइन कमी करतात आणि दुसरीकडे पोटॅशियमच्या बाटल्या लावत राहतात.

दुसरं उदाहरण व्हेंटिलेटरचं. एआरडीएसमध्ये (फुप्फुसांच्या गंभीर इजेत) कमी टायडल व्हॉल्यूमने (दर श्वासाला दिलेल्या हवेने) जीव वाचतात हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीने दाखवलं: किलोमागे १२ मिलीच्या गटात ३९.८ टक्के मृत्यू, ६ मिलीच्या गटात ३१. हे सगळ्यांना पाठ असतं. तरी चूक होते, कारण किलो कोणते? इथे वजन उंचीवरून काढायचं असतं. पुरुषांसाठी ५० अधिक ०.९१ गुणिले (सेंटिमीटरमधली उंची वजा १५२.४). स्त्रियांसाठी ५० च्या जागी ४५.५. १५५ सेंटिमीटर उंचीच्या, ९० किलो वजनाच्या बाईंचं हे वजन जेमतेम ४८ किलो येतं आणि ६ मिलीने टायडल व्हॉल्यूम सुमारे २९० मिली. काट्यावरचं वजन घेतलं तर ५४० मिली, म्हणजे खऱ्या हिशेबात किलोमागे ११ मिलीच्या वर. बुटक्या, वजनदार स्त्रियांच्या बाबतीत ही चूक सर्वांत जास्त होते आणि मॉनिटरवर काहीच लाल होत नाही. त्यामुळे दाखल करतानाच उंची टेपने मोजायची सवय लावा. चार्टमधली उंची पुष्कळदा कोणीतरी अंदाजाने लिहिलेली असते.

प्रोसिजर हा वेगळा विषय, त्याविषयी थोडंच. सेंट्रल लाईन टाकण्यात हाताचं कौशल्य लवकर येतं, शिस्त उशिरा. क्लोरहेक्झिडिन घासून पूर्ण वाळू द्यायचं, पूर्ण चादर घालायची, सुई सतत अल्ट्रासाउंडवर दिसली पाहिजे, आणि डायलेटर (शिरेचं भोक रुंद करणारी नळी) घालण्याआधी वायर शिरेतच आहे याची खात्री करायची. चुकून धमनीत गेलेली सुई दाबून धरता येते, धमनीत गेलेला डायलेटर शस्त्रक्रियेपर्यंत नेतो. वायरचं टोक कधीही हातातून सोडायचं नाही आणि शेवटी वायर बाहेर आली हे मोठ्याने बोलून नर्सकडून नोंदवून घ्यायचं. रक्त गोठण्यात अडचण असेल तर सबक्लेव्हियन टाळा, तिथे बाहेरून दाबता येत नाही.

आता कागद. क्रिटिकल केअरचं बिल वेळेवर असतं: ९९२९१ हा कोड ३० ते ७४ मिनिटांसाठी. त्या वेळेत स्वतंत्र बिल होणाऱ्या प्रोसिजरची मिनिटं धरता येत नाहीत, आणि विद्यार्थ्याला शिकवण्यात गेलेलीही नाहीत. नोंदीत नुसतं ‘४५ मिनिटं’ लिहू नका. कोणता अवयव धोक्यात होता, काय केलं, ती वेळ प्रोसिजर वगळून आहे, हे लिहा. मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीचा सरकारी विमा) नर्स प्रॅक्टिशनरच्या नावाने गेलेल्या बिलाला डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के देतं. विभागप्रमुख तुमच्या जागेचं समर्थन ज्या आकड्यांवर करतात त्यात हा एक असतो, म्हणून तो तुम्हालाही माहीत हवा.

पहिल्या नोकरीत फेलोशिप (देखरेखीखालचं प्रशिक्षण) किंवा लेखी ऑनबोर्डिंग असलेली जागा घ्या, पगार थोडा कमी असला तरी. पहिल्या आठवड्यापासून रात्री एकट्याने २० बेड सांभाळायची जागा नवख्याने घेऊ नये, कितीही बोनस असला तरी. कारण तेच: रात्री तुमचा विचार तपासायला कोणी नसतं, आणि अशा जागी चुकीच्या सवयी मुरतात.

शिकवणं: हे वेगळं कौशल्य आहे

चांगली प्रॅक्टिशनर आपोआप चांगली शिक्षिका होत नाही. अडचण अशी की तज्ज्ञाच्या डोक्यातल्या मधल्या पायऱ्या गळून पडलेल्या असतात. उत्तर लगेच दिसतं, पण ते कसं दिसलं हे सांगता येत नाही. विद्यार्थी मग उत्तर पाठ करतो आणि पुढच्या पेशंटला तेच चिकटवतो.

सुरुवात प्रिसेप्टर म्हणून करा. विद्यार्थ्याने पेशंट मांडल्यावर लगेच दुरुस्ती करू नका. आधी विचारा, ‘तुला काय वाटतं?’ मग, ‘कशावरून?’ आणि मग, ‘हे नसेल तर दुसरं काय?’ या तीन प्रश्नांना दोन मिनिटं लागतात आणि तेवढ्यात विद्यार्थी कुठे उभा आहे ते कळतं. चौथं वाक्य तुमचं, आणि त्यात एकच नियम शिकवा, पाच नाही. २०२० पासून मेडिकेअरच्या नियमांनुसार प्रॅक्टिशनर विद्यार्थ्याने लिहिलेली नोंद प्रिसेप्टरने तपासून सही केली तरी चालते, सगळं पुन्हा लिहावं लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे कित्येक जण विद्यार्थी घ्यायला नाही म्हणतात.

पदवीपूर्व विद्यार्थ्यांचं क्लिनिकल हे वेगळंच प्रकरण. एका शिक्षिकेकडे साधारण आठ ते दहा विद्यार्थी असतात आणि सकाळी नऊची औषधं सगळ्यांच्या पेशंटना एकाच वेळी द्यायची असतात. प्रत्येक औषध तुमच्या देखत दिलं जायला हवं, मग हे जमणार कसं? जमत नाही, म्हणून दिवस वाटून घ्या. एका दिवशी दोघे किंवा तिघेच औषधं देतील, दोघे एकाच पेशंटची सखोल तपासणी करतील, बाकीचे स्टाफ नर्सबरोबर प्रोसिजर आणि ड्रेसिंगला. विभागातल्या चार्ज नर्सला ही वाटणी आदल्या दिवशी सांगा. नवीन शिक्षक सगळ्यांना सगळं करू देतात आणि साडेअकराला शेवटची औषधं उशिरा देत बसतात. मग त्या विभागात पुढच्या सेमिस्टरला जागा मिळत नाही.

सिम्युलेशनबद्दल एक ठोस आधार आहे. नॅशनल कौन्सिल ऑफ स्टेट बोर्ड्स ऑफ नर्सिंगच्या २०१४ च्या अभ्यासात पदवीपूर्व विद्यार्थ्यांचे निम्म्यापर्यंत क्लिनिकल तास चांगल्या दर्जाच्या सिम्युलेशनने भरले तरी निकालात फरक पडला नाही. ‘चांगल्या दर्जाच्या’ हे शब्द विसरू नका. प्रशिक्षित शिक्षक, ठरलेली उद्दिष्टं आणि नंतरची चर्चा असेल तरच ते लागू. वेळेची वाटणी साधारण अशी ठेवा: १० मिनिटं तयारी, १५ मिनिटं प्रसंग, ३० मिनिटं चर्चा. उद्दिष्टं दोन, फार तर तीन. बहुतेक सिम्युलेशन बिघडतात ती प्रसंगात सेप्सिस, अ‍ॅलर्जी, रडणारा नातेवाईक आणि बंद पडलेला पंप हे सगळं एकदम घातल्यामुळे. चर्चेत ‘काय चुकलं?’ असं विचारलं की विद्यार्थी मिटतो. त्याऐवजी जे दिसलं ते सांगा आणि विचार मागा: ‘बीपी तिसऱ्या मिनिटाला ७० वर आलं, फ्लुइड नवव्या मिनिटाला सुरू झालं. मधल्या वेळात तुमच्या डोक्यात काय चाललं होतं?’ इथे जे बाहेर येतं ते खरं शिकवण्याचं साहित्य. ‘मला वाटलं कफ सैल आहे’ आणि ‘डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करता येत नाही’ या दोन उत्तरांना दोन वेगळे उपचार लागतात.

परीक्षेचे प्रश्न तयार करणं हे या कामाचं सर्वांत दुर्लक्षित अंग. एप्रिल २०२३ पासून एनक्लेक्सचं (नर्सच्या परवाना परीक्षेचं) नवं रूप आलं आणि क्लिनिकल जजमेंटवर थेट प्रश्न येऊ लागले, त्यामुळे ‘हायपोकॅलेमियाची (कमी पोटॅशियमची) चार लक्षणं सांगा’ या प्रकाराचा उपयोग उरला नाही. प्रश्नात पेशंट हवा, आकडे हवेत आणि चुकीचे पर्यायही एखाद्या खऱ्या गैरसमजातून आलेले हवेत. परीक्षेनंतर प्रत्येक प्रश्नाचं विश्लेषण बघा. हुशार विद्यार्थी चुकताहेत आणि कच्चे बरोबर येताहेत असा प्रश्न दिसला तर दोष बहुतेक प्रश्नातच असतो. तो काढून टाका आणि गुण पुन्हा मोजा.

विद्यार्थ्याला नापास करणं टाळणारे शिक्षक खूप आहेत, कारण ते क्लेशदायक असतं आणि अपील होतं. पण आज टाळलेलं उद्या पेशंटच्या अंगावर येतं. ते नीट करायचं तर शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. पहिली काळजी वाटली त्याच दिवशी तारखेसह लिहा. मत नको, घडलेलं लिहा: ‘निष्काळजी’ नव्हे, तर ‘इन्सुलिन दुसऱ्या नर्सकडून तपासून न घेता सिरिंजमध्ये भरलं, थांबवावं लागलं’. सेमिस्टरच्या मध्यावर लेखी इशारा, सुधारण्यासाठी नेमकी कामं, मुदत, दोघांच्या सह्या. पुष्कळ विद्यार्थी इथेच सावरतात. न सावरलेल्याचं अपील आलं तर हीच कागदपत्रं टिकतात.

पैसा, वेळ आणि करार

हे स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या मे २०२३ च्या आकड्यांत नर्स प्रॅक्टिशनरचा मध्यम वार्षिक पगार १,२६,२६० डॉलर, रजिस्टर्ड नर्सचा ८६,०७० डॉलर आणि कॉलेजातल्या नर्सिंग शिक्षकांचा सुमारे ८० हजार डॉलर होता. म्हणजे आपणच शिकवून तयार केलेली नर्स आपल्यापेक्षा जास्त कमावू शकते. शिक्षकांच्या रिकाम्या जागांचं मोठं कारण हेच आहे आणि हे बदलायला हवं. तोवर त्यावर दोन उपाय आहेत. एक, नर्स फॅकल्टी लोन प्रोग्रॅम: त्यात भाग घेणाऱ्या कॉलेजातून कर्ज घेऊन पदवी केली आणि नंतर चार वर्षं पूर्णवेळ शिकवलं तर कर्जाचा ८५ टक्क्यांपर्यंत भाग माफ होतो. त्यासाठी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. दुसरा, संयुक्त नेमणूक: काही दिवस कॉलेज, काही दिवस आयसीयू.

संयुक्त नेमणूक ऐकायला गोड असते, मोडते ती मोघम करारामुळे. कॉलेज म्हणतं ६० टक्के, रुग्णालय म्हणतं ४०, आणि प्रत्यक्षात दोघांनाही सत्तर-सत्तर हवे असतात. करारात हे लिहून घ्या: आठवड्याचे कोणते वार कोणाचे, सेमिस्टर चालू असताना नाइट असतील का, आजारी सहकाऱ्याच्या जागी बोलावणं आलं तर कोणाचं काम सरकेल, विमा आणि निवृत्तिवेतन कोण भरणार, उन्हाळ्यातले महिने कोणाचे. एकच मालक पगार देतो आणि दुसरा त्याला परतफेड करतो ही पद्धत सर्वांत कमी कटकटीची.

आयसीयू पूर्ण सोडू नका. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी अ‍ॅक्यूट केअर ट्रॅकच्या प्रमुखाला त्याच शाखेचं चालू प्रमाणपत्र असावं लागतं, आणि ते टिकवायला कामाचे तास लागतात. एएसीएनकडे नूतनीकरणासाठी पाच वर्षांत १,००० तास, म्हणजे महिन्याला दीड शिफ्ट. तेवढंच केलं तर प्रमाणपत्र टिकतं पण हात बोथट होतो. आठवड्याला एक शिफ्ट हे सुरक्षित प्रमाण वाटतं. शिकवण्याच्या बाजूने नॅशनल लीग फॉर नर्सिंगचं सर्टिफाइड नर्स एज्युकेटर हे प्रमाणपत्र २००५ पासून आहे. नोकरीसाठी ते सक्तीचं क्वचितच असतं, पण मूल्यमापन आणि अभ्यासक्रमरचना शिस्तीने शिकायला त्याच्या तयारीचा उपयोग होतो.

तुमची दोन वर्षं झाली आहेत, तर या वर्षी करण्यासारखं बरंच आहे. सीसीआरएन (आयसीयू नर्सच्या प्रमाणपत्राची) परीक्षा द्या. त्यासाठी गेल्या दोन वर्षांत गंभीर पेशंटच्या थेट सेवेचे १,७५० तास लागतात, त्यातले ८७५ शेवटच्या वर्षातले. नवीन नर्सला प्रिसेप्ट करायचं काम मागून घ्या आणि तिने विचारलेले, पण तुम्हाला उत्तर देता न आलेले प्रश्न वहीत लिहून ठेवा. विभागातल्या नर्स प्रॅक्टिशनरबरोबर सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण रात्र घालवायची परवानगी मागा, दिवस नको, कारण रात्री निर्णय उघडे दिसतात. शिफारसपत्रं तीन लागतील: एक व्यवस्थापकाचं, एक तुमचा विचार जवळून पाहिलेल्या प्रॅक्टिशनरचं किंवा डॉक्टरचं, एक शिक्षकाचं. त्यातलं दुसरं सर्वांत वजनदार असतं, आणि राउंडमध्ये गप्प उभ्या राहणाऱ्या नर्सला ते कोणी मनापासून लिहून देऊ शकत नाही. म्हणून उद्याच्या राउंडपासून तुमच्या पेशंटबद्दल एक वाक्य निष्कर्षाचं आणि एक कारणाचं, एवढं बोलायला लागा.